शारीरिक हालचालीच्या प्रेरणेचे मेंदूरसायन

चालणे, धावणे, व्यायाम करणे किंवा अंगमेहनतीचे काम हाती घेणे यांसाठी लागणारी इच्छा मेंदूत कशी निर्माण होते, कशी टिकते आणि कशामुळे मावळते, याच्या रासायनिक बाजूस शारीरिक हालचालीच्या प्रेरणेचे मेंदूरसायन असे म्हणतात. या प्रक्रियेत डोपामाइन हा चेतापारेषक केंद्रस्थानी आहे. सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, एंडोकॅनाबिनॉइड आणि ‘कार्ट’सारखी न्यूरोपेप्टाइडे त्याच्या कार्यावर प्रभाव टाकतात. यांपैकी ‘कार्ट’ आणि प्रेरणा यांच्या संबंधावर नागपूर येथे संशोधन झाले आहे.

पार्श्वभूमी

इ.स. १९५४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत विद्युताग्रे बसवली. कळ दाबल्यावर मेंदूच्या विशिष्ट भागाला सौम्य विद्युतझटका मिळत असे व तो मिळवण्यासाठी उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबत. या प्रयोगामुळे मेंदूतील ‘पारितोषिक मंडला’ची कल्पना पुढे आली.

स्वीडिश शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिले असता ते निश्चल झाले. रेसर्पिन हे सर्पगंधा या भारतीय औषधी वनस्पतीपासून मिळणारे द्रव्य आहे. डोपामाइनचे पूर्वद्रव्य असलेले एल-डोपा दिल्यावर सशांची हालचाल परतली. डोपामाइन हा स्वतंत्र चेतापारेषक असल्याचे दाखवल्याबद्दल कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

डोपामाइनचे कार्य

मध्यमेंदूतील ‘व्हेंट्रल टेगमेंटल एरिया’ या भागातील चेतापेशी ‘न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स’ या केंद्राकडे डोपामाइन पाठवतात. डोपामाइनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणण्याचा प्रघात असला तरी ते वर्णन अपुरे आहे. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी ‘हवेसे वाटणे’ आणि ‘आवडणे’ या दोन वेगळ्या प्रक्रिया असल्याचे मांडले. डोपामाइनचा संबंध प्रामुख्याने पहिलीशी आहे.

जॉन सालामोन यांच्या प्रयोगांत उंदरांपुढे दोन पर्याय असत: कळ अनेकदा दाबून मिळणारे आवडते खाद्य किंवा विनाश्रम मिळणारे साधे खाद्य. एरवी उंदीर कष्टाचा पर्याय निवडत. डोपामाइनचे कार्य रोखल्यावर ते साध्या खाद्याकडे वळले. त्यांची भूक कायम होती. कमी झाली ती कष्ट घेण्याची तयारी. यावरून, एखाद्या कृतीसाठी लागणारे श्रम आणि तिच्यातून मिळणारा लाभ यांच्या तुलनेत डोपामाइन महत्त्वाचे ठरते, असे मानले जाते.

नागपुरातील संशोधन

‘कार्ट’ या न्यूरोपेप्टाइडचा शोध १९९५ मध्ये लागला. कोकेन किंवा अ‍ॅम्फेटामाइन दिल्यावर उंदरांच्या मेंदूत ज्याचे प्रमाण वाढते असा एक आरएनए तेव्हा आढळला व त्यावरून हे नाव पडले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेप्टाइडचा अभ्यास केला.

या गटाचा २०१७ मध्ये ‘बिहेवियरल ब्रेन रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला शोधनिबंध हायपोथॅलॅमसच्या पार्श्वभागाकडून व्हेंट्रल टेगमेंटल एरियाकडे जाणाऱ्या मार्गाविषयी आहे. त्यात ओल्ड्स व मिलनर यांच्या पद्धतीची सुधारित आवृत्ती वापरण्यात आली. मध्यमेंदूत कार्ट दिल्यावर उंदरांचे कळ दाबणे वाढले, तर कार्टला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड दिल्यावर ते घटले. हायपोथॅलॅमस भूक व ऊर्जेच्या संतुलनाचे नियमन करतो. त्यामुळे शरीराची स्थिती आणि प्रयत्नाची इच्छा यांना जोडणारा एक दुवा या संशोधनातून स्पष्ट होतो. मात्र कळ दाबणे हे पारितोषिकासाठीच्या प्रयत्नाचे मोजमाप आहे. माणसाच्या व्यायामाविषयी त्यावरून थेट निष्कर्ष काढता येत नाही.

उष्णता आणि थकवा

नागपूर हे भारतातील अतिउष्ण शहरांपैकी एक असून २३ मे २०१३ रोजी तेथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. उन्हाळ्यात श्रम नकोसे वाटण्यात स्नायूंइतकाच मेंदूचाही वाटा असतो. याला ‘केंद्रीय थकवा’ म्हणतात.

फिलिप वॉटसन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रशिक्षित सायकलपटूंना ब्यूप्रोपिऑन हे डोपामाइन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा प्रभाव वाढवणारे औषध दिले. १८ अंश तापमानात कामगिरीत फरक पडला नाही. ३० अंशांत ती सुधारली. परंतु खेळाडूंच्या शरीराचे तापमान अधिक वाढूनही त्यांना श्रम जास्त जाणवले नाहीत. अनिच्छा ही येथे संरक्षक सूचना ठरते. ती औषधाने दडपल्यास उष्माघाताचा धोका वाढू शकतो.

व्यायामानंतरचा आनंद

दीर्घकाळ धावल्यानंतर येणाऱ्या उल्हासाचे श्रेय पूर्वी केवळ एंडॉर्फिनला दिले जाई. रक्तातील एंडॉर्फिन मेंदूत सहजी प्रवेश करत नाही. २०१५ मधील उंदरांवरील एका जर्मन अभ्यासात, धावल्यानंतर चिंता व वेदना कमी होण्यासाठी कॅनाबिनॉइड ग्राही आवश्यक असल्याचे आढळले.

आजार आणि निष्क्रियता

पार्किन्सन आजारात डोपामाइन तयार करणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात. त्यामुळे हालचाली मंदावतात आणि अनेक रुग्णांमध्ये औदासीन्यही दिसते. नैराश्यातही प्रयत्नाची इच्छा घटते. २०१७ मधील एका अभ्यासात लठ्ठ उंदरांच्या मेंदूतील डोपामाइनच्या डी२ ग्राहींचे कार्य कमी झाल्याचे व त्याचा निष्क्रियतेशी संबंध असल्याचे दिसले.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील आहेत. त्यानुसार ५४.४ टक्के व्यक्ती शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय होत्या. शहरी भागात हे प्रमाण ६५ टक्के, तर ग्रामीण भागात ५० टक्के होते.

महत्त्व

हालचालीच्या अनिच्छेला सर्रास ‘आळस’ म्हटले जाते. प्रत्यक्षात आजार, उष्णता, शरीराची ऊर्जास्थिती आणि अपेक्षित लाभ यांचा तिच्यावर परिणाम होतो. त्यामुळे केवळ उपदेश करण्याऐवजी श्रमाचा अडसर कमी करणे आणि लाभ लवकर जाणवेल अशी योजना करणे अधिक सयुक्तिक ठरते. घराजवळ सावलीची चालण्याची वाट असणे, उन्हाळ्यात व्यायामाची वेळ पहाटेची ठेवणे, सोबत्यांसह खेळणे आणि लहान उद्दिष्टांपासून आरंभ करणे ही त्याची उदाहरणे आहेत. पूर्वी उत्साही असलेल्या व्यक्तीची इच्छा दीर्घकाळ मावळल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.