थांबलेलें हृदय आणि गुठळी विरघळविणारें औषध



घरांतील एकादें माणूस बोलतां बोलतां कोसळतें, हांकेला ओ देत नाहीं, श्वासहि थांबलेला असतो. अशा वेळीं 'एकादें जालीम इंजेक्शन मिळतें तर!' हा उद्गार सहज निघतो. त्या उद्गाराची शास्त्रज्ञांनीं कशी परीक्षा केली, तें आज सांगावयाचें आहे.

हृदय असें अकस्मात् बंद पडण्याच्या मुळाशीं पुष्कळदां रक्ताची गुठळी असते. ती हृदयाच्या रोहिणींत धरते, किंवा पायाच्या शिरेंतून निघून फुप्फुसाच्या रोहिणींत जाऊन बसते. गुठळीचे तंतू तोडणारें प्लास्मिन नांवाचें द्रव्य आपल्या रक्तांत निद्रिस्त रूपांत असतें. अल्टेप्लेज, टेनेक्टेप्लेज हीं औषधें त्यास जागें करितात. हृदयविकाराचा झटका आलेल्या, परंतु हृदय चालू असलेल्या पुष्कळ रोग्यांचे प्राण अशा औषधांनीं वांचले आहेत.

मग हृदय थांबलेल्यासहि तें कां देऊं नये? तर्क सरळ होता. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ९० रोग्यांच्या एका लहान जर्मन पाहणींत आशादायक चिन्हेंहि दिसलीं. म्हणून युरोपांत 'ट्रॉइका' नांवाचा मोठा प्रयोग झाला. रुग्णालयाबाहेर, लोकांदेखत कोसळलेल्या १०५० रोग्यांपैकीं सुमारें निम्म्यांस टेनेक्टेप्लेज दिलें व बाकीच्यांस औषधरहित द्रव. कोणास काय दिलें, हें देणाऱ्यासहि ठाऊक नव्हतें. लाभाची आशा न दिसल्यामुळें प्रयोग मुदतीपूर्वींच थांबविला. २००८ सालीं निकाल छापला गेला: तीस दिवसांनंतर औषध मिळालेल्यांपैकीं शेंकडा १४·७ जिवंत होते, न मिळालेल्यांपैकीं शेंकडा १७. हा फरक योगायोगाचाहि असूं शकेल. परंतु मेंदूंतील रक्तस्राव मात्र शेंकडा ०·४ वरून २·७ वर गेला.

असें कां व्हावें? एक कारण असें मानतात कीं, छाती दाबून फिरविलेलें रक्त फारच थोडें असतें. पाटाला पाणीच नसेल, तर त्यांत टाकलेलें खत शेवटच्या वाफ्यास कसें पोहोंचावें?

याला एक अपवाद आहे. गुठळी फुप्फुसांत असल्याचा निश्चय किंवा बळकट संशय असेल, तर डॉक्टर हें औषध देतात. मात्र त्यानंतर ६० ते ९० मिनिटें छाती दाबण्याचें काम चालू ठेवण्याची तयारी लागते.

तेव्हां गृहस्थानें काय करावें? रोग्यास कठीण जागेवर उताणें ठेवावें. एकानें १०८ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. दुसऱ्यानें तत्काळ छातीच्या मध्यावर दोन्ही हात ठेवून मिनिटास १०० ते १२० वेळां, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावें, व थकल्यास हात बदलावे. औषधाची निवड डॉक्टरांनीं करावयाची आहे. पहिल्या कांहीं मिनिटांचें काम मात्र घरांतल्याच हातांचें आहे. तें आधींच शिकून ठेवा.