दुखल्याशिवाय गुण येत नाही, हे कुणी ठरवलं?

लालबाग-परळमध्ये वर्षातून दोनदा अख्खी वस्ती अंगदुखीने बेजार असते. एकदा गोविंदा झाल्यावर आणि पुन्हा अनंत चतुर्दशीनंतर. कुणी थरांत खांद्यावर माणसं पेललेली असतात, कुणी कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवलेला असतो, कुणी मिरवणुकीबरोबर गिरगाव चौपाटीपर्यंत चाललेलं असतं. मग मालिशवाल्याचा शोध सुरू होतो आणि ते ठरलेलं वाक्य कानावर येतं. दादरच्या व्यायामशाळेत, गिरगावच्या चाळीत, परळच्या ओपीडीबाहेरच्या रांगेत, सगळीकडे तेच : "असं रगडलं की डोळ्यांतून पाणी आलं, पाठ काळीनिळी पडली. मालिश अशीच पाहिजे. दुखल्याशिवाय गुण कसा येणार?"

येतो. दुखल्याशिवाय गुण येतो, आणि बहुतेक वेळा दुखल्याशिवायच येतो. उलट समजापायी माणसं पैसे मोजून दुखापत विकत घेतात, म्हणून याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

काळीनिळी पाठ हा गुण नव्हे

त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त बाहेर झिरपलं की कातडी काळीनिळी दिसते. दाराच्या कडेवर गुडघा आपटल्यावर जे होतं, तेच इथेही झालेलं असतं. दाराला आपण शिव्या देतो, मालिशवाल्याला मात्र शाबासकी! फार जोरात आणि फार वेळ रगडल्यामुळे स्नायूंच्या पेशी फुटल्या, त्यांतली द्रव्यं रक्तात उतरली आणि मूत्रपिंडांवर ताण आला, अशा घटनाही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेल्या आहेत. त्या क्वचित घडतात, पण घडतात.

"गाठी फोडाव्या लागतात," हे पुढचं उत्तर. बोटाला लागणारी ती गाठ म्हणजे बहुतेकदा स्नायूचा आखडलेला भाग असतो. तिथे फोडण्यासारखं काही नसतं. स्नायूंवरचं जाड आवरण हातांनी ताणून मोकळं करता येतं, असंही सांगतात. २००८ साली संशोधकांनी याचं गणित मांडलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूचं आणि तळपायाचं आवरण एक टक्का दाबायलाही माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचं बळ लागेल, असं त्यातून निघालं.

मग रगडून घेतल्यावर बरं का वाटतं? त्याची दोन कारणं आहेत. एका जागी जोराची कळ दिली की आधीचं दुखणं काही काळ मंद होतं. मज्जासंस्थेची ती रीतच आहे, पण तेवढ्याने दुखणं गेलेलं नसतं. दुसरं म्हणजे लचक, उसण, कामाने आंबलेलं अंग ही दुखणी बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप उतरतात. त्याच काळात कुणी रगडलं असेल, तर श्रेय त्याच्या पदरात पडतं.

चांगल्या मालिशचं काम वेगळ्याच वाटेने होतं. संथ, सुखद स्पर्श आणि बेताचा दाब मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे पोचतो आणि वेदनेच्या संदेशांची तीव्रता कमी होते. श्वास लांबतो, मन सैलावतं आणि दुखण्याच्या धास्तीने आखडून धरलेले स्नायू सैल पडतात. हातच जर कळ देत असेल, तर शरीर आणखी आखडतं. म्हणजे ज्यासाठी मालिशला गेलो, त्याच्या नेमकं उलट घडतं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये छापून आला. एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, अंग सैल करणारी साधी मालिश दिली. दुसऱ्या गटात दुखऱ्या, आखडलेल्या जागा हुडकून त्यांवर नेमकं काम केलं. तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. मालिशच्या दोन्ही गटांना तिसऱ्यापेक्षा स्पष्ट फायदा झाला, पण त्या दोन गटांत लक्षात घ्यावा असा फरक दिसला नाही. वर्षभराने हा फायदा अगदी थोडा उरला होता, हेही त्याच अहवालात आहे. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याने कंबरदुखीवरच्या मालिशचे २५ अभ्यास तपासले. त्याचा निष्कर्ष : थोड्या काळापुरता आराम मिळतो, पण पुरावा कच्चा आहे. मालिशचा मुख्य दुष्परिणाम काय आढळला? दुखणं वाढणं.

"हे परदेशी झालं, आपलं शास्त्र काय म्हणतं?" असा प्रश्न इथे हमखास येतो. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त, सूत्रस्थानाच्या दिनचर्येच्या अध्यायात पाहा. व्यायामानंतर सर्वांगाचं मर्दन करावं, पण शरीराला सुख वाटेल अशा बेताने, असं तिथे सांगितलंय. अजीर्ण असताना अभ्यंग टाळा, असंही त्याच अध्यायात आहे. परंपरेचा दाखला देऊन बरगड्यांवर कोपर रोवणाऱ्यांनी तो अध्याय एकदा वाचावा.

आणखी एक पुरावा परळमधल्या कॅन्सर रुग्णांच्या रोजच्या ओळखीचा आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर काहींच्या हाताला सूज येते. त्यावरच्या उपचारात लसिकेचा निचरा करणारी एक खास मालिश असते. डेन्मार्कच्या एमिल व्हॉडर यांनी ती १९३० च्या दशकात विकसित केली. तिच्यात दाब इतका हलका असतो की फक्त कातडी सरकावी, कारण लसिका वाहून नेणाऱ्या वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात. जोर लावला तर काम बिघडतं.

मग दाब किती असावा? श्वास रोखावा लागत नाही, दात आवळावे लागत नाहीत आणि सहज बोलता येतं, इतका. "गोड दुखतंय" असं वाटलं तर चालेल. अंग मागे खेचावंसं वाटलं तर तो दाब जास्त आहे. दुसऱ्या दिवशी अंग थोडं जड वाटणं ठीक. वळ आणि निळे डाग ठीक नाहीत.

ताजी दुखापत आणि लगेच चोळणं

ताजी दुखापत लगेच चोळावी, हा गैरसमज सर्वांत घातक. दहीहंडीला जखमी गोविंदांना दरवर्षी केईएमसारख्या रुग्णालयांत आणलं जातं, पण मुरगळलेला घोटा घेऊन घरी जाणारेही पुष्कळ असतात. तिथे कुणीतरी तेल गरम करून चोळायला बसतं. ताज्या दुखापतीत आत रक्तस्राव आणि सूज चालू असते, चोळल्याने ती वाढते. पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, क्रेप बँडेज आणि पाय उंचावर ठेवून विश्रांती एवढंच करा. दुखऱ्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढा. मोडलेलं हाड चोळून सांधत नाही.

प्लास्टरनंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा बराच काळ अंथरुणात पडून राहिल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर तिला हातही लावू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. प्लास्टर घालावं लागलेल्या एका तरुणाच्या पायातली गुठळी मालिशने सुटली, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली आणि तो दगावला, असं प्रकरण दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. चोळणारी त्याची आईच होती.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*मालिशने शरीरातली विषारी द्रव्यं निघतात.* ते काम यकृत आणि मूत्रपिंडं अहोरात्र करत असतात. मालिशचा त्याच्याशी संबंध नाही.

*व्यायामानंतर साठलेलं लॅक्टिक ॲसिड मालिशने जातं.* ते तासाभरात आपोआप उतरतं. कॅनडात २०१० साली झालेल्या एका अभ्यासात मालिशच्या दाबामुळे रक्तप्रवाह अडून त्याचा निचरा उलट मंदावल्याचं दिसलं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूतंतूंच्या सूक्ष्म इजेमुळे असतं. तिथे मालिशचा थोडा उपयोग होतो, पण या कारणाने नव्हे.

*मालिशने चरबी वितळते.* नाही.

*नस चढली, मणका सरकला, तो दाबून बसवला.* पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू आकसलेला असतो. पाऊल आपल्याकडे ओढून ताण दिला की तो सुटतो. मणकेही बोटाने दाबून बसवण्याइतके सुटे नसतात. तो 'कट' आवाज सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो.

*उसण भरली की पायाळू माणसाकडून पाय लावून घ्यावा.* जन्मताना पाय आधी बाहेर आले, म्हणून त्या पायात औषध येत नाही. उसण तिच्या वेळेने उतरते.

*बाळाचं नाक आणि डोकं रगडून आकाराला येतं.* येत नाही. टाळूवर दाब देणं आणि नाका-कानांत तेल सोडणं धोक्याचं आहे. हलक्या हाताने तेल लावणं मात्र चांगलं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या नवजात बालकांवरचा अभ्यास २००५ साली 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये आला. त्यात खोबरेल तेलाने मालिश केलेल्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचं वजन अधिक वेगाने वाढल्याचं दिसलं.

*मालिशने कॅन्सर पसरतो.* हलक्या मालिशने तसं होतं, याला पुरावा नाही. गाठीची जागा, किरणोपचाराने नाजूक झालेली कातडी आणि कॅन्सर पोचलेली हाडं टाळायची आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं, एवढं पाळा.

मालिशला जाताना

जाणता माणूस हात लावण्याआधी प्रश्न विचारतो. दुखणं कधीपासून आहे, पडला होतात का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, मधुमेह आहे का, हाडं ठिसूळ आहेत का, दिवस गेलेत का? मधुमेहामुळे पाय बधिर असतील, तर दाब जास्त झाल्याचं तुम्हाला कळणारच नाही. म्हणून हे आपणहून सांगा. जिथे काम चालू आहे तेवढाच भाग उघडा असावा. दाब कसा वाटतोय, हे मधूनमधून विचारलं जावं. "हळू" म्हटल्यावर हात लगेच हलका व्हावा. ताप असताना किंवा जखमेवर मालिश नको.

मालिश व्यायामाची जागाही घेत नाही. फिजिओथेरपीचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, परळच्या केईएममध्येच उभी राहिली. तिथल्या किंवा कुठल्याही चांगल्या विभागात जा. तुम्हाला पाठ चोळून मिळण्यापेक्षा करायला व्यायामच जास्त मिळतील. पुष्कळ जण त्यावर नाराज होतात. पण मालिशने दुखणं हलकं होतं तो वेळ हालचाल सुरू करण्यासाठी वापरला, तर फायदा टिकतो. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांच्या नोंदणीसाठी राज्य परिषद आहे. नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच कसला?

आणि या शहरापुरती एक गोष्ट खास. मुंबईत क्षयरोग फार आहे, आणि तो मणक्यालाही होतो. पाठ आठवड्यांमागून आठवडे दुखतेय, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतंय, रात्री दुखण्याने जाग येते, असं असेल तर मालिश थांबवून तपासणी करा. पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. परळला केईएम आहे, शिवडीला क्षयरोग रुग्णालय आहे, दोन्ही पालिकेची.

पुढच्या वेळी मालिशवाल्यासमोर पाठ टेकाल तेव्हा सोसत राहू नका. दुखलं की लगेच सांगा. तुमचं सांगणं ऐकून जो हात हलका करतो, त्याच्याकडे पुन्हा जा. "थोडं सहन करा, मग बघा" असं म्हणून जो जोर वाढवतो, त्याच्याकडून उठून निघून या.