नवसागर, चुना आणि काळी माती

दिवाळीआधी तांब्या-पितळेची भांडी कल्हईला द्यायची रीत मराठवाड्यातल्या काही घरांनी अजून सोडलेली नाही. भांडे भट्टीवर चांगले तापते, कल्हईवाला त्यावर कथील टेकवतो, नवसागराची चिमूट टाकतो आणि कापडाच्या बोळ्याने सर्रकन फिरवतो. पांढरा धूर उठतो, नाक झोंबते आणि काळवंडलेले तांबे रुप्यासारखे होते. या एका क्षणात अमोनियाचे अर्धे रसायनशास्त्र घडून जाते.

अमोनिया म्हणजे नायट्रोजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन. हा रेणू आम्लाकडून एक प्रोटॉन घेतो आणि अमोनियम होतो. मग त्याचा वायू उरत नाही, क्षार बनतो. हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर नवसागर, सल्फ्युरिकबरोबर अमोनियम सल्फेट, फॉस्फोरिकबरोबर डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे डीएपी खत. अशा बांधलेल्या अमोनियाला सोडवण्याचे सोपे मार्ग दोन: उष्णता आणि चुना.

कल्हईत उष्णतेचे काम चालते. सुमारे 340 अंश सेल्सिअसला नवसागर न वितळता फुटतो, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वेगळे होतात. हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढते आणि 232 अंशांनाच वितळणारे कथील उघड्या धातूला घट्ट धरते. वर थंड हवेत दोन्ही वायू पुन्हा एक होतात. तो पांढरा धूर म्हणजे नवसागराचेच कण. मराठवाड्यात चालत आलेल्या बिदरीकामातही नवसागर आहेच. बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप चोळला की जस्ताचा मिश्रधातू काळा पडतो, चांदीची नक्षी मात्र उजळ राहते.

चुन्याचा मार्ग शेतकऱ्यांच्या हातात आहे, अगदी शब्दशः. डीएपी खरे की खोटे हे पाहायला दाणे तळहातावर घेऊन तंबाखूसारखा चुना लावून मळतात. उग्र वास आला तर माल चांगला मानतात. परीक्षा रसायनशास्त्राला धरून आहे, पण ती अमोनियमची आहे, स्फुरदाची नाही. अमोनियम सल्फेटही तोच वास देईल.

हीच परीक्षा आपली जमीन रोज घेत असते. वेरूळची लेणी ज्या बेसाल्टात कोरली, त्याच खडकाची झीज होऊन पैठण, गंगापूर, वैजापूरची काळी माती झाली. तिच्यात चुनखडी आहे आणि सामू बहुधा 7.5 ते 8.5. सामू 7 असताना पाण्यातल्या अमोनियमपैकी दोनशेतला एखादाच मोकळा अमोनिया असतो, 8.3 ला दहातला एक. युरिया तर पडल्यावर मातीतल्या युरिएज विकराने अमोनियम कार्बोनेट होतो आणि दाण्याभोवतीचा सामू आणखी चढवतो.

युरियाच्या 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नत्र असते. ते हवेतून ओढून आणायला किती खटाटोप लागतो! फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये प्रयोगशाळेत वाट दाखवली, कार्ल बॉश यांनी 1913 मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला कारखाना उभा केला. लोखंडाचे उत्प्रेरक, 400 ते 500 अंश तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडदोनशे पट दाब. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि त्यापासून युरिया करतो. एवढ्या कष्टाने बांधलेले नत्र ओलसर रानावर, उन्हात, वरच्यावर फेकले की त्यातले बरेचसे काही दिवसांत परत हवेत जाते. मला हे नुकसान फार जिव्हारी लागते, कारण ते दिसत नाही.

तीच काळी माती नत्र धरूनही ठेवते. तिच्या चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, अमोनियमवर धन. खत दोन-तीन बोटे खोल गेले, कोळप्याने मातीआड झाले किंवा लगेच बेताचे पाणी मिळाले, की अमोनियम कणांना चिकटते. 2015 मध्ये देशातल्या शेतीच्या युरियाला कडुलिंबाचा लेप सक्तीचा झाला. तो लेप मुख्यतः अमोनियमचे नायट्रेट होणे लांबवतो. उडून जाणे थांबवायला मातीच लागते.

रब्बीच्या पेरणीतही हाच अमोनिया आडवा येतो. डीएपीचे दाणे बियाण्याला खेटून पडले, तर चुनखडीच्या रानात सुटलेला मोकळा अमोनिया कोवळा मोड जाळतो. म्हणून खत बियाण्याच्या बाजूला आणि दोन बोटे खाली पडेल अशी पाभर लावून घ्यावी.