ओलीस धरलेला संगणक

घरात चोर शिरला, तर तो वस्तू उचलून नेतो, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु एखाद्या चोराने काहीच न नेता घरातील प्रत्येक पेटीला स्वतःचे कुलूप लावले आणि "किल्ली हवी असल्यास अमुक रक्कम पाठवा" अशी चिठ्ठी मागे ठेवली, तर त्यास काय म्हणावे? घर आपले, पेटी आपली, तीही डोळ्यांसमोर. पण आतील वस्तूस हात लावता येत नाही. संगणकाच्या जगात असा चोर खरोखरच आहे. त्याचे नाव रॅन्समवेअर. रॅन्सम म्हणजे खंडणी. आपली माहिती ओलीस धरून खंडणी मागणारी ही एक दुष्ट आज्ञावली होय.

मुलांनो, हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. कोल्हापूर शहरालगतचे उचगाव हे माझे गाव. शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या भागातील गुऱ्हाळघरांची भाषा टिपून ठेवण्याचा मला छंद लागला. काहील, चुलवाण, चिपाड, मळी, ढेप, गुळव्या असे कितीतरी शब्द, ते वापरताना होणारी बोलणी आणि त्यांमागील आठवणी मी वृद्धांच्या तोंडून ऐकल्या आणि संगणकावर उतरवल्या. पुढे जुन्या लिपीतील मजकूर नव्या लिपीत आणण्यासाठी एक प्रणाली हवी होती. तिची किंमत वाचवावी म्हणून मी नातवाकडून तिची चोरटी प्रत उतरवून घेतली. ती बसवण्यापूर्वी 'विषाणूरोधक बंद करा' अशी सूचना होती. राखणदाराला बाहेर घालवून पाहुण्यास आत घ्यावे, तसेच आम्ही केले.

दुसऱ्या दिवशी एकही लेख उघडेना. प्रत्येकाच्या नावापुढे एक अपरिचित शेपूट जोडले गेले होते आणि प्रत्येक कप्प्यात इंग्रजी चिठ्ठी होती : "980 डॉलर द्या, तीन दिवसांत दिल्यास निम्मे." नातू रडवेला झाला. मी त्याला म्हणालो, "बाळ, चूक तुझी नव्हे, फुकटाचा मोह माझा होता."

हे कुलूप असते तरी कसे? संगणकातील मजकूर म्हणजे शेवटी अंकांची रांग. एका गुप्त संख्येच्या साहाय्याने त्या रांगेची अशी उलथापालथ करता येते, की ती संख्या ठाऊक असल्यावाचून मूळ मजकूर परत जुळत नाही. या क्रियेस कूटबद्ध करणे म्हणतात व त्या संख्येस किल्ली. किल्ली इतकी मोठी असते, की एकेक संख्या लावून पाहू म्हटले तर जगातील सर्व संगणक जुंपूनही आयुष्य पुरणार नाही. गंमत अशी, की हीच विद्या बँकेतील आपले व्यवहार सुरक्षित ठेवते. विद्या तीच; सज्जनाच्या हाती ती ढाल होते आणि दुर्जनाच्या हाती बेडी.

या चोरीचा पहिला प्रसिद्ध प्रयोग 1989 साली झाला. जोसेफ पॉप नावाच्या गृहस्थाने एड्स रोगाची माहिती देण्याच्या मिषाने सुमारे 20,000 चकत्या टपालाने पाठवल्या. त्या वापरणाऱ्यांचे संगणक काही काळाने अडून बसत व पनामा देशातील पत्त्यावर 189 डॉलर धाडण्यास सांगत. त्या काळी कुलूप कच्चे होते. ते लवकरच उघडता आले. आता तसे राहिलेले नाही. 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' नामक आज्ञावलीने दीडशेहून अधिक देशांतील संगणक जखडले. ज्या खिंडारातून ती शिरली, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती. पुष्कळांनी ती बसवलीच नव्हती.

त्याच वर्षी 27 जून रोजी 'नॉटपेट्या' नावाचे संकट आले आणि ते थेट आपल्या महाराष्ट्रात पोहोचले. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक धक्का मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाकडे होता. त्याची संगणकव्यवस्था कोलमडली आणि मालपेट्यांची चढउतार खोळंबली. या आज्ञावलीची चिठ्ठी खंडणीची होती. पण किल्ली परत देण्याची सोयच तिच्यात नव्हती. पैसे देणाऱ्याच्याही हाती काही लागले नसते! मर्स्कच्या जगभरच्या जाळ्याचा नकाशा ज्या संगणकांवर होता, ते सारे पुसले गेले. वाचला तो आफ्रिकेतील घाना देशातला एकच. कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती. जाळ्यापासून तुटलेली एक प्रत उरली, म्हणून सारा व्यवहार पुन्हा उभा राहिला. पुढे मार्च 2021 मध्ये आपल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवरही असाच हल्ला झाला. गोकुळ शिरगाव व शिरोली येथील वसाहती याच महामंडळाच्या आहेत. तेव्हा हे संकट दूरचे आहे, असे कोणी समजू नये.

या शत्रूस ओळखावे कसे? संगणक विनाकारण मंदावतो. काम नसताना चकती अखंड फिरत राहते. धारिकांची नावे बदलतात, त्या उघडत नाहीत. आणि शेवटी चिठ्ठी दिसते. चिठ्ठी दिसली, म्हणजे बहुतेक काम उरकलेले असते. म्हणून आधीच्या खुणांकडे लक्ष द्यावे.

अशा वेळी गडबडून जाऊ नये. प्रथम संगणक जाळ्यापासून तोडावा. जोडलेली बाह्य चकती वा पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. तरीही धारिका एकामागून एक जखडल्या जात असतील, तर यंत्रच बंद करावे. चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावे. 1930 या क्रमांकावर सायबर गुन्ह्याची तक्रार नोंदवावी. खंडणी देऊ नये. दिल्याने किल्ली मिळेलच याची शाश्वती नाही, आणि चोराचा धंदा मात्र वाढतो. विषाणूरोधकाने ती आज्ञावली काढता येते. परंतु चोराला हाकलले म्हणून त्याने लावलेली कुलुपे उघडत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या तज्ज्ञांनी शोधल्या आहेत. 2016 साली युरोपीय पोलीस व काही संगणकसंस्था यांनी सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात त्या विनामूल्य मिळतात. माझ्या कुलपाची किल्ली तेथे नव्हती. तरी जखडलेल्या धारिका मी एका वेगळ्या चकतीवर जपून ठेवल्या आहेत. उद्या किल्ली सापडेलही. मग यंत्र पूर्ण पुसून प्रणाली नव्याने बसवली.

माझ्या संग्रहातून वाचले ते जुन्या पेन ड्राइव्हवर उतरवून लोखंडी पेटीत टाकलेले. त्यानंतरच्या दोन वर्षांचे लेखन गेले. ते शब्द सांगणाऱ्यांपैकी दोघे आज हयात नाहीत. 980 डॉलर ही चोराने ठरवलेली किंमत झाली. त्या दोघांच्या बोलण्याची किंमत कोण ठरवणार?

म्हणून सांगतो, उपचारापेक्षा प्रतिबंध श्रेयस्कर. चोरट्या प्रती घेऊ नयेत. अनोळखी पत्रासोबत आलेली धारिका उघडू नये. दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे, मोलाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात : दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. नक्कल उतरवून झाली, की ती चकती संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली राहिली, तर तिलाही कुलूप बसेल.

पंचगंगेच्या काठचे लोक 2005, 2019 आणि 2021 चे महापूर विसरलेले नाहीत. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 39 फुटांवर गेले, की इशारा मिळतो. 43 फुटांवर धोका. शहाणा माणूस 43 फुटांची वाट पाहत नाही. जमिनीचे कागद तो आधीच माळ्यावर नेऊन ठेवतो. संगणकातील मजकुराचेही तसेच आहे. पूर येणार नाही, असे कोणी सांगू शकत नाही. पण माळा बांधणे आपल्या हाती आहे.

स्वाध्याय

1. 'विद्या तीच, सज्जनाच्या हाती ती ढाल होते आणि दुर्जनाच्या हाती बेडी.' या वाक्याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट करा.
2. घाना येथील संगणक का वाचला? त्यावरून कोणता बोध होतो?
3. लेखकाच्या मते त्याचे खरे नुकसान कोणते?
4. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांकडून एखाद्या व्यवसायातील दहा शब्द मिळवा, त्यांची वहीत नोंद करा आणि तिची एक प्रत शाळेत ठेवा.