मालाचा फोटो आणि आयएसओचा हिशेब

गिऱ्हाईक आता कापड चाचपण्याआधी फोटोत पाहते. आम्ही दुकानातल्या अपुऱ्या उजेडात गडद निळ्या बुट्टीदार कापडाचा फोटो काढला. मोबाईलने आपोआप आयएसओ वाढवला, फोटो रवाळ झाला आणि तो रवाळपणा पुसताना बुट्टीही पुसली गेली. साधे कापड समजून मागवलेला माल परत आला. त्यानंतर आम्ही हा हिशेब शिकून घेतला.

आयएसओचा आकडा दुप्पट केला की निम्म्या उजेडातही फोटो तेवढाच उजळ येतो. मात्र रवाळपणा वाढतो. म्हणून आधी पाहावे, समोरची वस्तू हलते का?

मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सतार हलत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा, आयएसओ १००, शटर सावकाश. कारागिराचे नक्षीकाम स्वच्छ उठते. कापडालाही हेच लागू.

मशिदीतल्या निकाहची गोष्ट वेगळी. माणसे हलतात, उजेड ट्यूबलाईटचा. तिथे आयएसओ १६०० ते ३२०० ठेवावा. आपली वीज ५० सायकलची, म्हणून शटर १/१०० ठेवल्यास फोटोत पट्टे येत नाहीत.

साताऱ्याच्या कास पठारावर उन्हात १०० पुरे. धुके-वारा असल्यास ४०० ते ८००, नाहीतर फुले पुसट येतात.

रवाळ फोटो एकवेळ खपतो, हललेला नाही. निकाहची घडी तर पुन्हा येत नाही. होतकरू तरुणांनी महाग कॅमेऱ्यासाठी कर्ज काढण्याआधी साधा ट्रायपॉड घ्यावा.