रस्सीखेच : दोर हातात, निकाल पायात

रस्सीखेच आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिली आहे. मग सांगा बरं, जिंकणारा संघ दोर जास्त जोरानं ओढतो की नाही? 'हो' असंच उत्तर येतं बहुतेक वेळा. पण दोराच्या मधोमध एक ताणकाटा लावला, तर तो एकच आकडा दाखवेल. डावा संघ उजव्याला जेवढ्या बलानं ओढतो, जवळपास तेवढ्याच बलानं उजवा डाव्याला ओढत असतो. हाच न्यूटनचा तिसरा नियम.

मग एक संघ सरकतो कसा? उत्तर पायाखाली आहे. खेळाडूवर आडव्या दिशेनं दोन बलं असतात. दोर त्याला पुढे ओढतो, जमीन घर्षणानं मागे धरते. ज्याचं घर्षण आधी अपुरं पडतं, तो सरकला!

हिशोब सोपा आहे. खेळाडू ६० किलोचा, म्हणजे वजन साधारण ६०० न्यूटन. घर्षण गुणांक ०.५ धरला, तर जमीन त्याला जास्तीत जास्त ३०० न्यूटननं धरू शकते. आठ जणांचे झाले २४०० न्यूटन. वजन वाढलं की घर्षण वाढतं, म्हणून तर स्पर्धांमध्ये संघाच्या एकूण वजनाचे गट पाडतात. गुणांक वाढला तरी तेच. १९०० ते १९२० या काळात हा खेळ ऑलिंपिकमध्ये होता. १९०८ साली लंडनमध्ये लिव्हरपूल पोलिसांच्या जड बुटांवर अमेरिकन संघानं हरकत घेतली होती. भांडण बुटांचं दिसतं खरं, पण मुळात ते घर्षणाचं!

म्हणजे ताकदीला काहीच किंमत नाही का? तसं नाही. पकड सुटली, गुडघे वाकले, तर घर्षण उरूनही उपयोग नाही. आणि मागे झुकायचं कशासाठी? सरळ उभे राहिलात तर दोर तुम्हाला तोंडावर पाडेल. मागे झुकलं की तुमचं वजनच त्या ओढीला तोलून धरतं.

आता महत्त्वाचं. प्रत्येक खेळाडू आपापली भर घालतो, त्यामुळे सगळ्यात जास्त ताण दोराच्या मध्यावर असतो. आठाऐवजी एका बाजूला ८०० माणसं लावा. प्रत्येकाचे ३०० न्यूटन, म्हणजे मध्यावर २,४०,००० न्यूटन. जवळपास २४ टनांचा भार! २५ ऑक्टोबर १९९७ रोजी तैपेईत सोळाशेहून जास्त लोक असाच एक दोर ओढत होते. तो तुटला आणि दोघांचे डावे हात तुटले. डॉक्टरांनी ते पुन्हा जोडले, पण प्रसंग किती भयंकर, बघा.

असं का होतं? नायलॉनसारखा दोर ताणला की रबरासारखी ऊर्जा साठवतो. तुटला की ती सगळी क्षणात मोकळी होते आणि टोक चाबकासारखं मागे येतं. त्यात कुणी दोराचा वेढा हाताला घेतला असेल, तर ताण वाढेल तसा वेढा आवळत जातो, आणि मनात असूनही सोडता येत नाही.

म्हणून गणपतीत, स्नेहसंमेलनात ही स्पर्धा ठेवाल तेव्हा तीन गोष्टी पाळा. दोर रस्सीखेचीसाठीच बनवलेला, जाड आणि न झिजलेला घ्या. माणसं मोजकी ठेवा, 'या, सगळेच धरा' नको. आणि हाताला, मनगटाला वेढा कुणीही घ्यायचा नाही, हे शिट्टी वाजायच्या आधी प्रत्येक मुलाला सांगा. दोर मुठीत धरायचा, म्हणजे वेळ आली की सोडता येतो.