पत्र्याखालून वाहणारा वारा

चैत्रातल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत अभ्यासाला बसण्याचा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांवर आला असेल. दार-खिडक्या उघड्या असतात, बाहेर वाराही असतो. तरी डोके तापते आणि पुस्तकात लक्ष लागत नाही. बारामती-इंदापूर रस्त्यावरील लासुर्णे घ्या किंवा आपल्याकडचे दुसरे कोणतेही गाव घ्या, परीक्षेच्या दिवसांत हे ठरलेलेच. हा दोष पत्र्याचा, की तो बसवण्याच्या रीतीचा?

हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली लंडनमध्ये पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले. पन्हळींमुळे पातळ पत्राही ताठ राहतो, म्हणून छप्पर हलके आणि स्वस्त झाले. पण पातळपणाची किंमतही मोजावी लागते. निरभ्र दुपारी छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट इतकी सौरऊर्जा पडते. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या वरच्या व खालच्या बाजूंच्या तापमानांत एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही फरक उरत नाही. धाब्याच्या घरातील मातीचा जाड थर दुपारची उष्णता संध्याकाळपर्यंत अडवून धरतो. पत्रा ती लगेच खाली देतो.

आता प्रारणाचा नियम आठवा. पदार्थाने बाहेर टाकलेली उष्णता त्याच्या केल्व्हिन तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते. पत्रा ३५ अंश सेल्सिअसवरून ६५ अंशांवर गेला, म्हणजे ३०८ केल्व्हिनचा ३३८ केल्व्हिन झाला, की त्याचे प्रारण जवळजवळ दीडपट होते. प्रारणाला हवेच्या माध्यमाची गरज नसते. म्हणूनच खिडकीतून वारा आला तरी डोके तापतच राहते!

यावर उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणारे दुहेरी छप्पर. खाली फळ्यांचा किंवा प्लायवूडचा थर, त्यावर चार-पाच सेंटिमीटरची पोकळी आणि वर पत्रा. वळचणीला हवा आत येण्यासाठी फट आणि आढ्याशी ती बाहेर पडण्यासाठी दुसरी फट ठेवायची. पोकळीतील हवा तापून हलकी होते, उतारावरून वर सरकते, आढ्यातून निघून जाते आणि खालून नवी हवा येते. हेच अभिसरण. पत्रा तापतोच, पण त्याची बरीचशी उष्णता वाऱ्याबरोबर जाते आणि तुमच्या डोक्यावर तापलेल्या पत्र्याऐवजी बराच कमी तापलेला थर येतो.

येथे एक चूक हमखास होते. पत्र्याखालच्या पट्ट्या आडव्या ठोकल्या, तर हवेची वाटच बंद होते. त्या वळचणीकडून आढ्याकडे जाणाऱ्या हव्यात. फटींना जाळीही हवी, नाहीतर उंदीर आणि गांधीलमाश्या तेथे बिऱ्हाड करतात.

दुसरा प्रश्न प्रसरणाचा. सहा मीटर लांबीचा पोलादी पत्रा १५ अंशांवरून ६५ अंशांवर गेला, तर साडेतीन मिलिमीटरने लांबतो. स्क्रूंनी घट्ट आवळलेल्या पत्र्यात रोजच्या या ओढाताणीने भोके रुंदावतात आणि पावसात छप्पर गळते. ‘उभ्या शिवणी’च्या छपरात शेजारच्या दोन पत्र्यांच्या कडा वर उचलून एकमेकींत दुमडतात. शिवणीत दडलेल्या पकडी त्यांना खाली धरून ठेवतात. पण लांबीच्या दिशेने सरकू देतात. पत्र्याला भोक पाडावे लागत नाही आणि शिवण पाण्याच्या वाटेच्या वर राहते.

असे छप्पर खर्चिक असते, हे खरे. पण तत्त्व फुकट आहे. आहे त्या पत्र्याला वरून पांढरा चुना दिला, तरी बरेच ऊन परत फिरते. ते काम मोठ्या माणसांनी, सकाळच्या गारव्यात, पत्र्यावर थेट पाय न देता करावे.

शेवटी एक प्रयोग. सारखी दोन पुठ्ठ्याची खोकी घ्या. दोन्हींवर पुठ्ठ्याचे झाकण, त्यावर पेन्सिली आणि वर पत्र्याचा तुकडा ठेवा. दोन्हींना सारखाच उतार द्या. एकावर पेन्सिली उताराच्या दिशेने ठेवा, दुसऱ्यावर आडव्या. बाकी काहीही बदलू नका. उन्हात अर्धा तास ठेवून आतील तापमापके वाचा. पत्र्याला मात्र हात लावू नका! तापमापकांनी दिलेले उत्तर घरी सांगा. नवे छप्पर घालताना ते उपयोगी पडेल.